नऊ नंबरला बसवू की खेळवू

आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढल्याबरोबर उजव्या हाताला, दाराला लागून, एक एकटी सीट आहे. शेजारी कोणी नाही, पुढे कोणाचं डोकं नाही, पाय हवे तेवढे लांब करा, एसीचा झोत थेट तोंडावर, आणि उतरायचं तर उठलं की दार. शारजात रोल्लाहून निघून जबल अलीच्या वेअरहाऊसला पोचायला ट्रॅफिक धरून दीड तास लागतो, परत येताना दोनही लागतात. त्या सीटवर बसणारा कामावर माणसासारखा पोचतो. बाकीचे आम्ही पोत्यांसारखे पोचतो.

या सीटवरून पूर्वी रोज सकाळी कटकट व्हायची. ट्रान्सपोर्टवाल्याकडे तक्रार गेली तेव्हा त्यानं ‘आपस में देख लो, हबीबी’ म्हणून फोन ठेवून दिला. शेवटी आमच्यातल्याच एका मल्याळी माणसानं तोडगा काढला. हा एचआरमध्ये हजेरी, ड्यूट्या आणि सुट्ट्यांचं बघतो, त्यामुळे नियम करायची त्याला सवयच. त्यानं बसची फुटबॉल फॅन्टसी लीग काढली. जो जिंकेल त्याची सीट, पुढच्या सीझनपर्यंत. पैसे लावायचा प्रश्नच नव्हता, या देशात त्या भानगडीत कोण पडणार? क्रिकेटची लीगही आधी करून पाहिली होती, पण पहिल्याच आठवड्यात दोघांचं बोलणं बंद झालं. इंग्लंडमधले फुटबॉल क्लब आमच्यापैकी कोणाच्याच बापाचे नव्हते, त्यामुळे तिथे शांततेत भांडता यायचं.

खेळ सोपा आहे. खऱ्या क्लबांमधले पंधरा खेळाडू आपण आपल्या टीममध्ये घ्यायचे. दर आठवड्याला त्यातले अकरा खेळवायचे, चार बाकावर बसवायचे. खेळवलेल्यांनी खऱ्या सामन्यात जे केलं त्याचे पॉइंट आपल्याला, एकाला कप्तान करायचं, त्याचे दुप्पट. बाकावरचे कितीही थोर असोत, त्यांचे पॉइंट वाया. सीझनभर दर आठवड्याला एकमेकांशी झुंजायचं, शेवटी पहिल्या चौघांची सेमीफायनल, मग फायनल. मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण मला ती सीट हवी होती.

का हवी होती ते कोणालाही सांगायची सोय नव्हती. माझ्या कमरेतली चकती सरकली होती. मी वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर, म्हणजे दिवसभर पायांवर, आणि अधूनमधून शिडीवर. बसमधली माझी जागा शेवटच्या रांगेत, बरोबर मागच्या चाकांवर. एकेक खड्डा सरळ मणक्यात यायचा. डॉक्टर म्हणाले, जॉब करा, पण असा प्रवास नको. हे त्यांना बोलायला काय जातं? आमच्याकडे एका सुपरवायझरनं गुडघा दुखतो असं ऑफिसात सांगितलं होतं. त्याला आधी ‘लाइट ड्यूटी’ दिली, आणि मग लाइट ड्यूटीवाल्याची गरज काय, म्हणून खलास. व्हिसा नोकरीवर, घर व्हिसावर, मुलगी अकरावीत. मी तोंड उघडणार नव्हतो. आणि सीट मागायची तर कारण सांगावं लागणार, तेही एचआरचा माणूस तिसऱ्या रांगेत बसलेला असताना.

म्हणून मी सगळे बंदोबस्त केले होते. सेफ्टी बूट घालणं सक्तीचं, पण वाकून नाड्या बांधणं जमेना, तेव्हा मी बिननाडीचे, नुसते पाय सरकवायचे सेफ्टी बूट घेतले. बायको म्हणाली, “दोनशे दिरहम? पावणेपाच हजार रुपये बुटाला?” मी म्हणालो, “कंबर दिसते का कोणाला? नाही ना? मग वसूल झाले.” बसमध्ये जॅकेटची घडी पाठीमागे ठेवायचो आणि विचारलं तर एसी लागतो म्हणायचो. सगळे उतरले की मी सगळ्यात शेवटी, दोन्ही दांडे धरून उतरायचो. कोणाला संशयही येणार नाही, असं चोख काम होतं माझं.

त्यात आमचा ड्रायव्हर. पेशावरकडचा पठाण, हायवेवर बस विमानासारखी न्यायचा, आणि जबल अलीच्या आत शिरला की प्रत्येक स्पीडब्रेकरवर असा काही हळू व्हायचा की जणू बसमध्ये अंडी भरली आहेत. आधी तो असा नव्हता. मी मागून ओरडायचो, “भाई, यल्ला! पंचिंग को देर हो रही है!” तो आरशातून नुसता बघायचा. मला इतका राग यायचा म्हणून सांगू.

सीटवर दोन वर्षं बसले होते ते आमचे चाचा. श्रीवर्धनकडचे, आयुष्य गल्फमध्ये गेलेलं, बंदरातले कंटेनर कुठे कुठे पडलेत ते कंप्यूटरआधी त्यांना माहीत. साठीला आलेले, पण सगळ्या बसला पुरून उरणारे. फुटबॉल ते रोल्लातल्या चहाच्या टपरीवर, उभ्याउभ्या बघत शिकले, त्यामुळे लीग त्यांनी सलग दोनदा जिंकली. मला ते ‘बाबा’ म्हणत. “काय बाबा, या आठवड्याला कोणाला बसवलास?” असं दारातच विचारायचे, आणि मी नाव सांगितलं की कपाळावर हात मारून घ्यायचे.

तरीही मी चौथ्या नंबरानं सेमीफायनलला पोचलो, आणि ती जिंकलोही. याचं श्रेय एकाच माणसाचं: आमचा नऊ नंबर. त्याचं नाव मी इथे घेत नाही, घेतलं की अजून डोकं फिरतं. उंच, सोनेरी केसांचा स्ट्रायकर, सीझनभर त्याच्याच जोरावर मी तरलो. पण तो चाचांकडेही होता. बसमधल्या निम्म्या लोकांकडे होता. आणि फायनल कोणाशी? अर्थात चाचांशी.

सीझनचा शेवटचा आठवडा. रविवारी सगळे सामने एकाच वेळी, आपल्या संध्याकाळी सातला. टीम साडेपाचपर्यंत लावायची, त्यानंतर हात लावता येत नाही, आणि त्याआधी समोरच्यानं काय लावलंय ते दिसत नाही. आता अडचण बघा. नऊ नंबरच्या क्लबनं लीग आधीच जिंकलेली. पुढच्याच आठवड्यात त्यांची युरोपातली मोठी फायनल. त्याच्या गुडघ्याला थोडं लागलंय असंही बाहेर आलेलं. त्यांच्या मॅनेजरला विचारलं तर तो म्हणतो, उद्या बघू. अरे, तुझं उद्या बघू, माझं वर्ष जाईल ना!

आणि त्यात आणखी गोम अशी, की तो मुळीच खेळला नाही तर काही बिघडत नव्हतं. अकरातला कोणी मैदानात उतरलाच नाही तर बाकावरचा आपोआप आत येतो. भीती होती ती शेवटच्या दहा मिनिटांची. मॅनेजरनं लोकांना हात दाखवायला म्हणून त्याला दहा मिनिटं उतरवलं की संपलं. मला मिळणार एक पॉइंट, आणि बाकावरचा माझा धडधाकट माणूस बाकावरच राहणार. म्हणजे बसवावा तरी पंचाईत, खेळवावा तरी पंचाईत.

त्या आठवड्यात बसमधल्या एकेकानं मला जो सल्ला दिला तो ऐकून मी वेडा व्हायचाच बाकी होतो. सोमवारी एचआरवाला माझ्याजवळ आला. तो स्वतः सेमीफायनल हरलेला, तरी आवाज खाली करून म्हणाला, “सर, नऊ नंबर को बेंच मत करना. कॅप्टन बनाओ उसको.” मंगळवारी फोर्कलिफ्टवाला तेच म्हणाला. बुधवारी तर ज्याच्याशी माझं वर्षभर धड बोलणंही नव्हतं तो कॅन्टीनचा माणूस ट्रे हातात घेऊन माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, “सर, खिलाना उसको.” गुरुवारी ड्रायव्हर! जो माणूस माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता तो आरशातून म्हणतो, “नौ नंबर को बिठाना मत, भाई.”

आता मला सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? या सगळ्यांचं चाचांशी गूळपीठ. चाचांचा डबा उघडला की पाच जण माशाच्या तुकड्यासाठी हात पुढे करणार. ही सगळी माणसं माझ्या भल्यासाठी एका सुरात बोलतील? वीस माणसांच्या बसमध्ये एसीच्या तापमानावर कधी दोघांचं एकमत झालं नाही, आणि माझ्या स्ट्रायकरवर सगळ्यांचं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाचांना कुठूनतरी पक्की बातमी लागलीय की तो खेळणार नाही. ते त्याला बसवणार, आणि मी त्याला कप्तान करून तोंडावर पडावं म्हणून ही फौज पाठवलीय.

चाचांनी स्वतः मात्र काही म्हटलं नाही. शुक्रवारी उतरताना फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, “बाबा, जास्त डोकं चालवू नको. जो वर्षभर चालला, त्याला चालू दे. इन्शाल्ला जिंकशील.” समोरचा खेळाडू तुम्हाला जिंकायच्या शुभेच्छा देतो, म्हणजे दाल में कितनी काली चीज असेल ते बघा.

रविवारी दुपारपासून मी सोफ्यावर, पाठीला गरम पाण्याची पिशवी, हातात फोन. साडेचारला त्याला बसवला. पाचला परत खेळवला. बायको चहा घेऊन आली.

“इतके सगळे सांगतायत तर ऐका ना,” ती म्हणाली.

“सगळे सांगतायत म्हणूनच नाही ऐकणार.”

“मग आम्हाला कशाला विचारता?”

“तुला कुठे विचारलं?”

मुलगी डोकं वर न करता म्हणाली, “बाबा, यू ऑलवेज डू धिस. जस्ट प्ले हिम.” तिला फुटबॉल आवडत नाही, पण सल्ला द्यायला फुटबॉल आवडावं लागतं थोडंच. बायको पिशवी सरळ करता करता पुटपुटली, “एका माणसाला जाऊन सांगायचं, कंबर दुखते, पुढे बसू द्या. त्यासाठी इंग्लंडपर्यंत जायची काय गरज आहे मला कळत नाही.” यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी नऊ नंबरला बाकावर बसवला आणि फोन उलटा ठेवला.

थोड्या वेळानं चाचांची टीम दिसायला लागली. मी आधी नऊ नंबर शोधला. नऊ नंबर: बाकावर! मी सोफ्यावरून उडी मारणार होतो, कमरेनं अर्ध्यात थांबवलं. “बघ!” मी बायकोला म्हणालो. “बघ, मी म्हणत नव्हतो? बसवलाय त्यांनी! मला खेळव खेळव म्हणत होते आणि स्वतः बसवलाय!” मग नीट बघितलं तर चाचांनी कप्तान केला होता गोलकीपरला. कसल्यातरी तळाच्या क्लबच्या गोलकीपरला. जगात कोणी गोलकीपरला कप्तान करत नाही. चाचांनी केलाय म्हणजे यात काहीतरी फार खोल डाव असणार, असं म्हणून मी आणखीच घाबरलो.

सात वाजले. नऊ नंबर पहिल्या मिनिटापासून मैदानात. गुडघा ठणठणीत. अर्ध्या तासात पहिला गोल, मध्यंतरानंतर दुसरा, मग तिसरा. मग त्याला टाळ्यांच्या गजरात बाहेर बोलावलं आणि तो हसत हसत बाकावर जाऊन बसला, जिथे माझ्या टीममध्ये तो साडेपाचपासून बसलेला होताच. मी टीव्हीच्या दिशेनं उशी फेकली. चाचांच्याही बाकावर तो असल्यामुळे दोघांचंही सारखंच नुकसान, एवढाच काय तो आधार. बाकीच्या खेळाडूंवर मी चार पॉइंटनी पुढे होतो. चार! पुढची सीट मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मग त्या तळाच्या क्लबच्या गोलकीपरनं शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी अडवली. कप्तान म्हणून त्याचे सगळे पॉइंट दुप्पट. चाचा जिंकले. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि आत जाऊन आडवा झालो. मला राग नव्हता आला. त्याच्या पलीकडे गेलं होतं ते.

सोमवारी सकाळी रोल्लाला बस आली. मनाची तयारी करून चढलो. चाचा सीटवर ऐटीत बसले असतील, काहीतरी टोमणा मारतील, हसायचं आणि मागे जायचं. पण सीट रिकामी होती. मी मागे बघितलं. चाचा शेवटच्या रांगेत, माझ्या जागेवर, डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा असा होता की मारतील की काय.

“बाबा,” ते तिथूनच ओरडले, “नऊ नंबरला कशाला बसवलास?”

“तुम्ही नाही का बसवलात?”

“मी हरायला बसवला रे!” चाचा उभे राहिले. “मी हरायला बसवला! गोलकीपरला कप्तान केला मी, गोलकीपरला! आणखी काय करायला पाहिजे होतं? अख्ख्या बसला कामाला लावलं, की त्याला सांगा, खेळव, कप्तान कर. तू एकट्या त्याच्यावर जिंकला असतास. आणि तू काय करतोस, त्याला बसवतोस! या अल्ला, या माणसाला जिंकवायचं तरी कसं?”

बसमध्ये कोणी हसलं नाही, त्यावरून हे खरं आहे ते मी समजलो. तरी विचारलं, “पण हरायचं कशासाठी?”

“कशासाठी!” चाचांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. “तुझ्या बुटांच्या नाड्या कुठे गेल्या? सुपरवायझर माणूस, नाडी बांधता येत नाही म्हणून चपलेसारखे बूट घालतो. सगळ्यांच्या शेवटी, दोन्ही दांडे धरून उतरतोस. आम्ही काय आंधळे आहोत? हा,” त्यांनी ड्रायव्हरकडे हात केला, “किती दिवस बस रांगवत नेतोय तुझ्यासाठी. आणि तू त्यालाच शिव्या देतोस, यल्ला यल्ला करून.”

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो आरशातून नेहमीसारखा बघत होता. त्याचा मला इतका राग यायचा, आणि आता कुठे बघावं ते कळेना.

“मग सरळ सांगायचं ना,” मी म्हणालो. माझाही आवाज चढला होता. “सरळ म्हणायचं, बस पुढे!”

“तू बसला असतास?”

नसतो बसलो. काहीतरी कारण काढलं असतं, मला काही होत नाही म्हणून परत मागे जाऊन बसलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी आणखी ताठ चाललो असतो. चाचांना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांनी मला जिंकवायला घेतलं होतं, मान न जाता मिळावं म्हणून. आणि मी ज्याच्यावर तरून जाणार होतो त्यालाच बाकावर बसवला होता.

“आता ती सीट माझी,” चाचा म्हणाले. “मी जिंकलोय. मी तुला देतो. पण फुकट नाही. काय होतंय ते तोंडानं सांग.”

तिसऱ्या रांगेत एचआरवाला बसला होता. मी त्याच्याकडे न बघायचा खूप प्रयत्न केला. लाइट ड्यूटी, खलास, मुलगी अकरावीत, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बस उभीच होती. ड्रायव्हरनं दार बंद केलं नव्हतं, बाहेरची गरम हवा आत येत होती.

“माझी कंबर दुखते,” मी म्हणालो. एवढंच म्हणणार होतो, पण पुढचं आपोआप बाहेर आलं. “फार दुखते. रोज. मला मागे बसवत नाही.”

एचआरवाल्यानं फोनमधून डोकं वर केलं. “पता है, सर,” तो म्हणाला. “सीढी का काम मैंने कब का दूसरे को दे दिया है आपकी शिफ्ट में. आपने नोटिस नहीं किया?”

खरंच नव्हतं केलं. माणसं वाढली असतील एवढंच मला वाटलं होतं.

मी बसलो. पाय लांब केले. पाठ सीटला टेकली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण समोर ड्रायव्हरचा आरसा होता. बस निघाली. जबल अलीच्या आत शिरल्यावर पहिला स्पीडब्रेकर आला आणि ड्रायव्हर नेहमीसारखा हळू झाला नाही, आता गरज नाही असं त्याला वाटलं असावं. बस दणकन आदळली. मागून डबा पडल्याचा आवाज आला आणि चाचांचा मोठ्यानं “या अल्ला!” ऐकू आला.

मी पुढून हात वर केला. “भाई, आहिस्ता,” मी ड्रायव्हरला म्हणालो. “पीछे चाचा बैठे हैं.”